देर नुआसची खरवड

सिडनीतल्या गिल्डफर्डच्या त्या गल्लीत वस्फियाच्या घरी मुजद्दरा शिजतोय, हे कुणाला सांगावं लागत नसे. आधी कांदा तळल्याचा वास सुटे, तो सगळ्यांना आवडे. मागोमाग मसूर करपल्याचा वास येई, आणि शेजारचा रॉन आपली खुर्ची कुंपणापासून लांब ओढून घेई. ही मंडळी नवीन राहायला आली तेव्हा हाच रॉन बागेतली पाण्याची नळी हातात घेऊन, अनवाणी, "आग कुठंय? आग कुठंय?" करत दारात येऊन थडकला होता. वस्फियाने त्याला आत बसवलं, ताटली भरून पुढ्यात ठेवली, आणि जी आग विझवायला आला होता तीच बिचाऱ्याने चमच्याने खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याने ताटली स्वच्छ धुऊन परत दिली. रिकामी! वस्फियाचं तोंड पडलं. शेवटी तिच्या मुलाने, तैसीरने, कुंपणावरून त्याला समजावलं की आमच्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तेव्हापासून रॉनच्या झाडाची लिंबं यायला लागली, ती आजतागायत येतात.

मुजद्दरा म्हणजे काही शाही पक्वान्न नव्हे. मसूर, गव्हाचा बुलगूर, जिरं, मीठ आणि वरून तळलेला कांदा. गरिबाची खिचडीच म्हणा ना. पॅलेस्टाइनच्या कुठल्याही घरात तो होतो, आणि दाणा न् दाणा मोकळा होतो. वस्फियाच्या घरात मात्र तो तळाला लागलाच पाहिजे. बाकी जगात डाळ करपली तर बायका कपाळाला हात लावतात. ही नाही करपली तर लावायची. आच मोठी ठेवायची, झाकण घालायचं, आणि मग भांड्याकडे चक्क पाठ करायची. वळून बघायचं नाही, ढवळायचं नाही. करपल्याचा वास आपल्यापर्यंत चालत आला की मगच उतरवायचं, आणि खालची काळी खरवड उलथन्याने खरडून सगळ्यात कालवायची. छतावर धुराची घंटा बसवलेली होती, ती ओरडू नये म्हणून मुजद्दऱ्याच्या दिवशी तैसीर स्टुलावर चढून तिला न्हाणीघरातली प्लॅस्टिकची टोपी घाली.

"हा आमच्या देर नुआसचा मुजद्दरा," वस्फिया सांगे. "दुसऱ्या गावांना जमत नाही."

दुसऱ्या गावांच्या बायका आपसांत काय म्हणत ते तिला माहीत होतं. देर नुआसवाल्यांची डाळ आणि डोकी दोन्ही करपलेली, असं म्हणत. तिने ते कधी मनावर घेतलं नाही. सून रुला लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्याच खेपेला मोठ्या हौसेने सुरेख मोकळा मुजद्दरा केला. वस्फियाने एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "छान झालाय हो. इस्पितळात असाच देतात." पोरगी स्वयंपाकघरात जाऊन रडली. पण पुढे शिकली, आणि आता तिच्याइतकी अचूक डाळ गिल्डफर्डात कुणी जाळत नाही.

आता यातली गोम अशी, की वस्फियाने देर नुआस कधी पाहिलंच नव्हतं. अठ्ठेचाळीसच्या लढाईत सैन्याने सगळ्यांना गावाबाहेर काढलं तेव्हा ती आईच्या पोटात होती. जन्मली ती जेरिकोजवळच्या छावणीत, तंबूत. गावाचं पुढे काही उरलंही नाही. निवडुंग आणि विहिरीचा काठ राहिलाय म्हणतात. लोकांच्या घरी भिंतीवर मागे सोडलेल्या घराच्या किल्ल्या असतात, कुणाकडे जमिनीचा कागद असतो. वस्फियाच्या बापाने निघताना दार नुसतं ओढून घेतलं होतं, त्यामुळे किल्लीचा प्रश्नच आला नाही. आई, फिद्दा, मुळात अबोल. गावाचं नाव निघालं की उठून काहीतरी झाडायला घेई. लहानपणी वस्फियाने एकदाच तिला विचारलं होतं, "यम्मा, सगळ्यांचा मुजद्दरा पिवळा, आपलाच का काळा?" फिद्दा म्हणाली, "आपला असाच असतो." बस. त्या तीन शब्दांवर पोरीने अख्खं गाव उभं केलं.

आणि ते गाव तिने कुठे कुठे नेलं! लग्न होऊन कुवेतला गेली, तिथे विजेची शेगडी. तिच्यावर डाळ करपवायलासुद्धा अक्कल लागते, ती तिने लावली. मग लढाई झाली, कुवेतहून उठावं लागलं. काही काळ अम्मानमध्ये दिराच्या घरी काढला. तिथून सिडनी. सगळीकडे नवीन चूल, नवीन शेजारी, नवीन बोली. नवरा इथेच रूकवुडच्या दफनभूमीत गेला. एवढ्या सगळ्यात बदललं नाही ते एक, तळाला लागलेलं भांडं.

तरी एक काटा आत होताच. छावणीत पोरं खेळताना भांडली की गावात जन्मलेली पोरं तिला म्हणायची, "तू गप, तू तंबूची!" हा टोमणा ती सदुसष्टाव्या वर्षीही विसरली नव्हती. एवढी मोठी बाई, नातवंडं झाली, सिडनीतल्या देर नुआसवाल्यांच्या मंडळात तिच्या शब्दाला मान, पण कुणी गावच्या वाटा, गावचं कोठार, गावची वरात असं बोलायला लागलं की ही हळूच ताटं उचलायला उठे.

म्हणून हज्जा नझीहा अम्मानहून आपल्या धाकट्या मुलाकडे, सिडनीतच ग्रीनएकरला, येणार हे कळलं, तेव्हा वस्फियाला झोप लागेना. हज करून आलेली ही हज्जा नझीहा ऐंशीची. देर नुआसात जन्मलेली, तिथल्या विहिरीचं पाणी भरलेली. तिच्या बरोबरीचं आता कुणी राहिलं नव्हतं. वस्फियाला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तिने आपल्या हातचा मुजद्दरा खावा आणि चार माणसांत म्हणावं, हाच तो. मग तंबूची की गावची, हा वाद कायमचा मिटला असता.

"खालती, इतकं काय त्यात?" सासूला मावशी म्हणायची त्यांची रीत, त्या रीतीने रुला म्हणाली. "म्हातारीला दात तरी आहेत का?"

"चवीला दात लागत नाहीत," वस्फिया म्हणाली. "तू कांदा चिर."

हज्जाच्या मानार्थ जेवण वस्फियाच्याच परसात ठरलं. मंडळाची तीसचाळीस माणसं जमली, त्यातली निम्मी कुवेतमध्ये जन्मलेली आणि निम्मी इथल्याच इस्पितळात. गॅरेजमधल्या मोठ्या चुलीवर वस्फियाने स्वतः भांडं चढवलं, कुणाला हात लावू दिला नाही. द्राक्षवेलीच्या मांडवाखाली हज्जा नझीहाला बसवलं होतं. पांढऱ्याशुभ्र ओढणीतली एवढीशी बाई, पण नजर अशी की पोरं आपोआप शर्ट खोचत होती. वस्फियाने पहिली ताटली तिला दिली, बाजूला दह्याची वाटी ठेवली, आणि चाळवायला पदर नाही म्हणून हातांचं काय करावं ते न कळून ते एकमेकांत धरून उभी राहिली.

हज्जाने घास घेतला. चावला. थांबली.

"हे कुणी जाळलं?"

वस्फिया हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "हज्जा, हा आपल्या गावचा. देर नुआसचा."

"कुठल्या देर नुआसचा?" हज्जाचा आवाज चढला. "अगं बाई, आमच्या गावात सुनेने डाळ जाळली असती तर सासूने तेच भांडं तिच्या डोक्यावर उपडं केलं असतं! आमचा मुजद्दरा कसा, मोत्यासारखा मोकळा. वर आमच्याच झाडांचं तेल. जाळतंय कोण डाळ? कुणी शिकवलं तुला हे?"

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं हसलं. मग एक मोठा हशा झाला, तसा वाईट नव्हता, घरच्यांचाच, एकजण म्हणालासुद्धा, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही कोळसा खाल्ला म्हणा!" वस्फियाही हसली. मग दही आणायचं निमित्त करून आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

स्वयंपाकघरात ती खुर्चीवर बसून राहिली. रडू आलं नाही, राग आला. हज्जाचा नाही, हसणाऱ्यांचाही नाही. आईचा. आपला असाच असतो म्हणाली! गचाळपणाने भांडं लागू द्यायचं आणि लेकराने विचारलं तर थाप मारायची. त्या थापेपायी आपण परक्याच्या पोरीला रडवलं, आणि चाळीस वर्षं चार लोकांत मिरवलं. एवढ्या तपश्चर्येनंतर ती पुन्हा तंबूचीच ठरली होती. आई जिवंत असती तर वस्फियाने तिला त्या क्षणी सोडली नसती.

बाहेर पाहुणे पांगायला लागले. रुलाने रीतीप्रमाणे उरलेला मुजद्दरा एका ताटलीत भरून हज्जाच्या बरोबर दिला. जळका का होईना, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? गाडीत बसता बसता हज्जाने तैसीरला हटकलं, "पोरा, तुझी आई कुणाची रे?" तिच्या वयाच्या माणसांना नाव पुरत नाही, बाप आणि घर लागतं. तैसीरने आजोबांचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं. फिद्दा हे नाव ऐकल्यावर हज्जाने मांडीवरची ताटली दोन्ही हातांनी धरली ती ग्रीनएकर येईपर्यंत सोडली नाही, असं तिच्या मुलाने नंतर सांगितलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "वस्फियाला म्हणावं, ताटली न्यायला ये. रिकामी देणार नाही."

"ताटली ठेवा म्हणावं तुम्हालाच," वस्फिया आतून ओरडली.

"खालती, ऐंशी वर्षांची बाई बोलावतेय," रुला म्हणाली. "नाही गेलात तर लोक म्हणतील, देर नुआसची रीत नाही." हे बोलल्यावर तिने जीभ चावली, पण बाण बरोबर बसला होता. वस्फिया उठली आणि ओढणी घ्यायला गेली.

हज्जा नझीहा खिडकीशी बसली होती. कॉफी आली, ख्यालीखुशाली झाली. मग हज्जा एकदम म्हणाली, "तू फिद्दाची, हे आधी का नाही सांगितलंस मला?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर डोक्यावर भांडं उपडं करत होता."

हज्जा हसली. "जीभ मात्र बापाची घेतलीस. बस इकडे, जवळ. छावणीत आमचा तंबू तुमच्या तंबूला लागून होता. तीन तंबूंत मिळून एक प्रायमसचा स्टोव्ह. संध्याकाळी पाळी तुझ्या आईची. मसूर फुकट मिळायचे, म्हणून रोज मसूर. ती भांडं चढवायची, झाकण घालायची, आणि निघायची."

"कुठे?"

"रस्त्यावर. रिब्हीला बघायला."

वस्फियाने हे नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. हज्जाने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला सांगितलं नाही कुणी?"

"एक भाऊ होता एवढं माहीत आहे. वाटेत गेला म्हणाले. घरात कुणी नाव घेत नसे."

"गेला नाही. सुटला. हात सुटला त्याचा, गर्दीत. ऊन असं की माणसं चालता चालता पडत होती. तू पोटात, तुझी बहीण कडेवर, आणि रिब्ही ओढणीचं टोक धरून. तिने खाली बघितलं तर टोक होतं, पोरगा नव्हता. सहा वर्षांचा. मोठे कान होते त्याचे, आम्ही चिडवायचो." हज्जाने कॉफीचा कप खाली ठेवला. "गेला असता तर तिने त्याला पुरला असता, रडून घेतलं असतं, आणि डाळ नीट शिजवली असती. पण तो गेला नव्हता ना. म्हणून रोज उजेड असेपर्यंत ती रस्त्यावर उभी. डोंगरावरून खाली येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, मोठ्या कानांचा एक पोरगा दिसला का हो? इकडे भांडं लागायचं. आम्ही ओरडायचो, 'फिद्दा, तुझी डाळ!' तिला ऐकूच जायचं नाही. पुढे तू जन्मलीस, तर तुला कडेवर घेऊन उभी राहायला लागली. तुला दात यायच्या आधी तू ती जळकी डाळ चाटलीस."

वस्फियाला आठवत होतं. तंबू जाऊन मातीचं घर आल्यानंतरचं. ती पाचसहा वर्षांची असेल. आई झाकण घालून म्हणायची, "उतरवू नकोस, आलेच," आणि पाठ करून बाहेर जायची. ही चुलीशी बसून राहायची. करपल्याचा वास घरभर झाला की मगच आई दारात दिसायची, पाय धुळीने भरलेले. भांड्याकडे पाठ करायची, वळून बघायचं नाही, वास आपल्यापर्यंत चालत यायला हवा. हे सगळं तिने कृती म्हणून शिकून घेतलं होतं, आणि रुलालाही तसंच शिकवलं होतं.

"परवा मी ओरडले तुझ्यावर," हज्जा म्हणाली. "घास तोंडात गेला आणि मी त्या तंबूत होते. मला गाव आठवायचं होतं गं. तंबू नको होता." तिने डोळे पुसले आणि लगेच फटकळपणे म्हणाली, "उरलेला सगळा मात्र मी खाल्ला. सुनेने डॉक्टरचा धाक घातला, तरी खाल्ला. घे तुझी ताटली."

ताटलीत मुजद्दरा होता. हज्जाने स्वतः सुनेच्या डोक्यावर बसून करून घेतलेला, गावच्या रीतीचा, मोत्यासारखा मोकळा. घरी येऊन वस्फियाने तो एकटीने बसून खाल्ला. चांगला होता. खरंच चांगला होता. सदुसष्ट वर्षं जी चव शोधत होती ती अखेर जिभेवर आली होती, आणि तिला ती एखाद्या परक्याच्या घरी जेवल्यासारखी लागली.

पुढे दोन आठवडे त्या घरात मुजद्दऱ्याचं नाव निघालं नाही. मग एके दिवशी दुपार उतरल्यावर वस्फियाने मसूर निवडायला घेतले. रुला कांदा चिरायला बसली. तैसीर कामावरून आला, त्याने सवयीने स्टूल ओढलं, टोपी घेऊन वर चढला, आणि मग तसाच थांबला.

"यम्मा, घंटा झाकायची की नाही?"

रुलाने मान वर केली. "खालती, आता कसा करायचा? गावासारखा, की आपल्यासारखा?"

वस्फियाने भांडं चढवलं, जिरं घातलं, आच मोठी केली. झाकण घातलं. मग कमरेचा फडका सोडून खुर्चीवर टाकला, चपला घातल्या आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. तैसीर आणि रुला एकमेकांकडे बघत राहिली. मग तैसीरने घंटेला टोपी घातली.

फाटकाशी येऊन ती उभी राहिली. सूर्य गल्लीच्या टोकाला टेकला होता. नुकतीच गाडी आली असावी, स्टेशनाकडून माणसं घरी चालली होती. पाठीवर पिशव्या, हातात डबे. त्यांच्यात एक लहान पोरगा बापाचा हात धरून उड्या मारत येत होता. वस्फियाने त्याचे कान बघितले. तो पुढे निघून गेला.

रॉन लिंबांची पिशवी घेऊन कुंपणाशी आला. "अशी कधी उभी राहात नाहीस. कुणाची वाट बघतेस?"

"भावाची."

"तुला भाऊ आहे? मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," ती म्हणाली. "रिब्ही नाव त्याचं. सहा वर्षांचा आहे."

रॉनने तिच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, मग रस्त्याकडे. पिशवी खाली ठेवून तोही कुंपणावर हात टेकून रस्त्याकडे बघत उभा राहिला.

वास आधी दारापर्यंत आला, मग पायऱ्या उतरून फाटकापर्यंत. आतून रुलाने हाक मारली, "खालती, भांडं लागलं! उतरवू का?"

वस्फियाने मागे वळून बघितलं नाही.

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून उजेड आहे."